मडमेचं काळं तबक

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी "असं काही घडलंच नाही" म्हणायला नको. गेल्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता, दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आमच्याच दारात.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आत्याचं तबक न्यायला आल्या होत्या. आत्याने ते पुसून, जुन्या मऊ पंचात गुंडाळून तयार ठेवलं होतं. सोबत तिळाच्या लाडवांचे डबे. त्यांची ऑर्डर आठवडाभर आधीच आली होती. वहिनींनी तबक घेतलं, डबे घेतले, "किती करता हो आत्या सगळ्यांसाठी," म्हणाल्या. मग आत्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू ये गं सात वाजता. काळं काहीतरी घाल."

लिफ्टचं दार मिटलं. आत्याने आमचं दार लावलं आणि कुकर चढवला.

एवढंच. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. मी कॉलेजात असताना ज्या संघटनेत होते तिथे पत्रक लिहायला शिकवत. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर, कुठे, कधी, ते आलं पाहिजे. "आजच्या या बदलत्या समाजात" अशी सुरुवात करणाऱ्याला चहा आणायला पिटाळत. मी पहिल्या वर्षी बराच चहा आणला. नंतर शिकले. म्हणून वर वेळेसकट लिहिलं आहे.

ज्यांना यात अन्याय दिसला नाही त्यांच्यासाठी पुढचं.

आत्या विधवा आहे. काका जाऊन काही वर्षं झाली. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, खोर फक्कानच्या बंदरात नोकरी करतो. तिथेच राहतो, सुट्टीला येतो आणि दोन दिवस झोपतो. त्याच्या व्हिसावर आत्या इथे आहे. मी तिच्याकडे राहते, रोज कंपनीच्या बसने हमरिया फ्री झोनला जाते आणि दिवसभर कंटेनरांची कागदपत्रं बघते. वहिनींचं हळदीकुंकू दरवर्षी होतं आणि त्याचं निमंत्रण बिल्डिंगच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. मागे फुलं हलत असतात आणि पुढे लिहिलेलं असतं, "सर्व सुवासिनी आणि कुमारिकांना आग्रहाचं निमंत्रण." आत्या त्या ग्रुपवर आहे. तिला निमंत्रण दिसतं. ते तिला नाही एवढं तिला वाचता येतं.

म्हणजे हिशेब असा होता. तिळगूळ आत्याचा. तबक आत्याचं. कपाळ तेवढं तिचं चालत नव्हतं.

आता तबकाबद्दल. ते आमच्या घरात आलं काकांमुळे. काका एका पॅकिंग कंपनीत फोरमन होते. नोकरी संपवून मायदेशी निघालेल्या साहेब लोकांची घरं खोक्यांत भरून द्यायची, हे त्यांचं काम. एका इंग्रज बाईचं घर आवरताना सगळं भरून झालं आणि हे तबक उरलं. बाईच्या आजीच्याही आधीपासून ते त्यांच्या घरात होतं. पण नव्या घरात जागा नव्हती आणि मुलींना नको होतं. "तुझ्या बायकोला दे," ती काकांना म्हणाली. "फक्त पाण्यात कधी घालू नका." काकांनी ते आपल्या अंगावरच्या जॅकेटात गुंडाळून बसमधून आणलं. दुसऱ्यांची क्रॉकरी आयुष्यभर बबल रॅपमध्ये बांधणारा माणूस. स्वतःची वस्तू आणायची वेळ आली तेव्हा रॅप कंपनीचा म्हणून वापरला नाही.

तबक मोठं आहे. दोन हात पसरून धरावं लागतं. रंग काळा, इतका खोल काळा की वाकून बघितलं तर आपला चेहरा दिसतो. कडा लाटेसारखी वरखाली. मधोमध सोनेरी वेलबुट्टी आणि फुलांचा गुच्छ. फुलांच्या काही पाकळ्या शिंपल्याच्या तुकड्यांच्या आहेत, त्या दिव्याखाली हिरव्या-गुलाबी होतात. दोन्ही बाजूंना, जिथे अंगठे येतात, तिथलं सोनं झिजून गेलं आहे. इंग्रज बाई स्वतः कितीदा ते उचलायची मला माहीत नाही. मला वाटतं, ती झीज चहा घेऊन जिना चढणाऱ्या मोलकरणींच्या अंगठ्यांची आहे. त्यांचं बाकी काही शिल्लक नाही.

आत्या सावंतवाडीची. लाखेने रंगवलेली लाकडी खेळणी आणि पाट बघत मोठी झालेली. तबक पहिल्यांदा बघितल्यावर ती म्हणाली, "हे तर आमच्याकडचंच काम. फक्त रंग घालायला विसरलेत." तेव्हापासून घरात त्याचं नाव मडमेचं तबक.

त्यात एक अडचण होती. काळी वस्तू शुभकार्याला चालत नाही. गणपतीत आत्या ते बाहेर काढत नसे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला नाही, दिवाळीला नाही. फक्त संक्रांतीला. संक्रांतीला आपल्याकडे काळं नेसतात, तेव्हा काळं तबकही चालतं. आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने मांडले की काय दिसतं ते विचारू नका. वहिनींनी एका वर्षी त्याचा फोटो टाकला आणि अबुधाबीच्या मंडळातून फोन आला की हे भाड्याने कुठे मिळतं.

काळ्या रंगाला वर्षातून एक दिवस सूट आहे. आत्याला तोही नाही.

मी त्या संध्याकाळी सात वाजता गेले नाही. आत्या म्हणाली, "जा गो. तू का घरात बसतेस? लाडू कसे झालेत ते तरी कळेल." मी म्हटलं, माझा बहिष्कार आहे. ती म्हणाली, "बरं. मग बहिष्कार घालून झाला की भांडी घास."

तबक दुसऱ्या दिवशी परत आलं. वहिनींनी स्वतः आणलं, सुपरमार्केटच्या पिशवीत आडवं धरून. चेहरा पडलेला. आपल्याकडे उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून त्यांनी तबकावर चिमूटभर साखर ठेवली होती. आणि घाणेरडं परत करत नाहीत, म्हणून त्यांनी ते धुतलं होतं.

झालं असं होतं. कार्यक्रमात निरांजनातलं तेल सांडलं, त्यात कुंकू पडलं. दरवर्षी आत्या बजावून सांगते, ओलं करू नका, कोरड्या फडक्याने पुसा. वहिनींना वाटे, हे आत्यांचं आपलं एक खूळ. तेलकट कुंकवाचं तबक तसंच कसं द्यायचं? बरं दिसतं का? सिंकमध्ये ते मावेना. तेव्हा त्यांनी ते बाथटबमध्ये साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातलं. करामातल्या जुन्या फ्लॅटांत बाथटब असतो. त्यात आंघोळ कुणी करत नाही. त्यात ब्लँकेटं भिजतात, पाण्याच्या बादल्या राहतात आणि वर्षा-दोन वर्षांच्या पोरांना पोहायला शिकवतात.

सकाळी तबक फुगलं होतं. काळ्या पृष्ठभागावर भाजल्यासारखे फोड. एका बाजूची कडा उलली होती आणि आतून राखाडी पापुद्रे दिसत होते.

"आत्या, हे कागदाचं निघालं हो," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच दुःखी होता. "आम्ही सगळे ॲन्टिक ॲन्टिक म्हणत होतो. त्या मडमेनं फसवलं तुमच्या मिस्टरांना. बिचारे किती विश्वासाने घेऊन आले असतील."

आत्याने तबक घेतलं. साखर चिमटीत धरून तोंडात टाकली, तीही रीत आहे. म्हणाली, "असू दे. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

"नवीन आणून देते मी. अगदी सेम मिळतात ऑनलाइन. गोल्डन पण आहेत."

"नको नको. असू दे."

वहिनी गेल्यावर आत्या खुर्चीत बसली. तबक मांडीवर. "काकांना कुणी फसवलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यांना माणूस कळायचा."

मग ती उठली. फडक्यांच्या घड्या वर-खाली घालून तबक तिने सपाट ठेवलं आणि वर तांदळाची गोणी आडवी केली. रोज फडकी बदलायची. एसीसमोर नको, उन्हात नको. पापड वाळवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मी मात्र तोवर लेखणी उचलली होती. इथे पत्रकं छापून जिन्यात वाटायची सोय नाही, हे मला येतानाच सगळ्यांनी सांगितलं होतं. आईने तर विमानतळावर माझी पर्स तपासली होती. म्हणून मी महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. मथळा दिला: "ताट चालतं, हात चालतात, बाई का चालत नाही?" खाली तीन परिच्छेद. शेवटी "जाहीर सवाल". मला ते बरं जमलं होतं.

उत्तरं आली. एकीने हात जोडले. एकीने अंगठा. एकीने गुलाब पाठवला, त्यावर शुभ सकाळ लिहिलं होतं. एकीने विचारलं, "तिळाची चिक्की उरली आहे का? हाफ केजी हवी होती." तळमजल्यावरच्या काकूंच्या मुलाने चुकून आईच्या फोनवरून "हू डाइड?" असं लिहिलं आणि पुसून टाकलं. दुपारी ग्रुपचं सेटिंग बदललं. आता फक्त ॲडमिन लिहू शकत होत्या. ॲडमिन म्हणजे वहिनी.

संध्याकाळी त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या. मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले आणि "का?" एवढंच विचारलं.

"अगं, कुणी काही बोललंय का आत्यांना?" वहिनी म्हणाल्या. "मी त्यांना माझ्या सासूबाईंपेक्षा जास्त मानते. आजारी होत्या तेव्हा सूप कुणी पाठवलं? पण त्यांनाच अवघडल्यासारखं होतं गं. चारचौघीत बोलावलं, कुणी काही म्हटलं, तर? त्यांनाच वाईट वाटेल. म्हणून आपण नाही बोलावत."

"त्यांना विचारलंत?"

"हे काय विचारायचं असतं का?"

चौथा मजला आला. सूप त्यांनी खरंच पाठवलं होतं, आठवडाभर. हे मी इथे लिहिते आहे, कारण आमच्या संघटनेत अशी माहिती गाळत असत. मला ते तेव्हाही पटत नव्हतं.

घरी येऊन मी आत्याला लिफ्टमधलं सांगितलं आणि म्हटलं, आता पुढचं पाऊल काय टाकू? ती नारळ खवत होती. "तुमच्यात मोर्चा काढायच्या आधी, ज्याच्यासाठी काढायचा त्याला विचारत नाहीत का गो?" ती म्हणाली.

"बरं, विचारते. तुला काय हवंय?"

"आत्ता? ती परात दे."

फडकी कोरडी येऊ लागल्यावर आत्याने गोणी उतरवली. तबक बऱ्यापैकी सपाट झालं होतं. फोड बसले, पण वण राहिले. उललेली कडा मिटली नाही. मी त्या फटीतून आत बघितलं. मला उगाच वाटत होतं की आत काही छापलेलं असेल. कुणाचं जुनं वर्तमानपत्र, एखादं पत्रक. काही नव्हतं. कोरा, राखाडी कागद, थरावर थर. मी थोडी नाराज झाले.

पण काकांना कुणी फसवलं नव्हतं, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रविवारी मी तबक पंचात गुंडाळून शारजाला गेले. तिथे एक दुकान आहे, जुन्या इंग्रजी सामानाचं. घड्याळं, टेबलं, मेणबत्त्यांचे स्टँड. सगळं कंटेनरने येतं, हॉटेलवाले घेऊन जातात. दुकानदार लाहोरचा. गळ्यात चष्मा, बोटांत अंगठ्या, आणि स्वतःच्या ज्ञानावर भारी खूश. मी तबक काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, हे नकली आहे का?

"नकली?" तो म्हणाला. "किस ने बोला नकली?"

"कागज़ का है."

"तो कागज़ का ही होता है, बेटी! ये देखो." त्याने आतून दुसरं एक तबक आणलं आणि नखाने वाजवलं. टण्ण. "ये टीन वाला." मग माझ्या तबकावर टिचकी मारली. लाकडासारखा मऊ आवाज. "ये कागज़ वाला. कागज़ की शीट पे शीट चिपकाओ, तेल पिलाओ, भट्टी में डालो. फिर काला वार्निश, फिर भट्टी. फिर वार्निश, फिर भट्टी. ऐसे थोड़ी चमकता है. बर्मिंगहॅम की तरफ का माल है, सौ साल से ऊपर का. पानी में किस ने डाला?"

"पड़ोसी ने."

"दुश्मनी है?"

"नहीं. धो के वापस किया."

त्याने कपाळाला हात लावला. मग सांगायला लागला, आणि मला थांबवता येईना. जपानहून एका काळी अशी काळी चमकती भांडी विलायतेत यायची. तिथे ती एका झाडाच्या चिकाने करत. इंग्रजांकडे ते झाड नव्हतं. म्हणून त्यांनी वार्निश शिजवलं, भट्ट्या लावल्या आणि त्या कामाला नाव दिलं जपानिंग. काम करणारे इंग्रज, कागद इंग्रजी, भट्टी इंग्रजी. नाव जपानचं.

परतीच्या बसमध्ये मी यावर विचार केला. इंग्रजांबद्दल माझं मत सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी पूर्वी चार पानी पत्रक काढलं होतं. पण ज्याचं काम उचललं त्याचं नाव निदान ठेवलं, याचा एक गुण मी त्यांना देते. चौथ्या मजल्याला तोही देता येत नाही. ग्रुपवरच्या फोटोंखाली लाडू "आमच्या मंडळाचे" होते आणि तबक "डेकोरेशनचं".

दुकानदाराने तबक विकत मागितलं होतं. त्याने सांगितलेला आकडा मी दिरहममध्ये शांतपणे ऐकला आणि रुपयांत करून बघितल्यावर दचकले. आत्याला सगळं सांगितलं. कागदाचं असणं हीच त्याची जात आहे, सौ साल से ऊपर आहे, मडम खरी होती. विकायचं का, हे विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पाण्यात घालू नका म्हणाली होती ना ती. खोट्या वस्तूसाठी कोण असं सांगेल?" आणि त्या दिवशी तिने काकांच्या फोटोजवळचा दिवा नेहमीपेक्षा लवकर लावला.

यंदा संक्रांत आली. मला खात्री होती की तबक मागायला कुणी येणार नाही. वहिनींचा फोन आला.

"आत्या, ते तबक आहे ना अजून? मागच्या वर्षीच्या फोटोंना काय लाइक्स आल्या होत्या. साइडने थोडं खराब झालंय, पण तिथे आपण झेंडू लावू."

मी खुणेने सांगत होते, नाही म्हण. हात हलवून, मान हलवून, शेवटी पोळपाट आपटून. आत्या माझ्याकडे बघत फोनवर म्हणाली, "आहे की. देईन. पण आता ते एकटं येणार नाही. कुठे धरायचं, कुठे नाही, त्याची रीत आहे. कडेला हात लागला की पापुद्रा सुटतो. मी घेऊन येईन."

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "हो हो, या ना. अहो, तुमचंच घर आहे."

फोन ठेवून आत्या मला म्हणाली, "पोळपाट जपून. तो कागदाचा नाही, पण माझा आहे."

त्या शनिवारी तिने काळी साडी काढली. बारीक जरीची, चांदण्यांची. काका असताना ती दर संक्रांतीला तीच नेसायची, त्यानंतर ती कपाटात होती. निऱ्या घालायला तिने मला जवळ बोलावलं. मला निऱ्या घालता येत नाहीत, तिला ते माहीत आहे. मी नुसती उभी राहिले. आरशात बघून तिने केस सारखे केले, आणि कपाळावर बोट नेऊन काही न लावता खाली घेतलं. तेव्हा मला कळलं की ही तबकाची राखण करायला निघालेली नाही. तिला तिथे जायचं होतं. इतकी वर्षं जायचं होतं.

वहिनींचा हॉल भरला होता. सोफे भिंतीला सरकवलेले, एसी इतका थंड की शालींची शोभा व्हावी. सगळीकडे काळ्या साड्या, हलव्याचे हार, फोन उंच धरलेले हात. आत्या तबक घेऊन आत आली तेव्हा सगळ्या "अय्या, आत्या" म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, मी तिथे होते. कुणीतरी विचारलं, "बसा ना, का उभ्या?" आत्या म्हणाली, "हे खाली ठेवलं की कुणीतरी यावर पाण्याचा ग्लास ठेवणार." हशा झाला.

मग ओळीने सुरुवात झाली. वहिनी पुढे, त्यांच्या शेजारी तबक धरून आत्या. तबकावर हळदीकुंकवाची कोयरी, तिळगूळ, गुलाबदाणी. वहिनींनी आत्याच्या हातातल्या तबकातून बोटावर हळद घ्यायची, समोरच्या कपाळावर लावायची. मग कुंकू. मग आत्याने एक पाऊल पुढे सरकायचं. सरकताना तिचे अंगठे बरोबर तिथे होते, जिथलं सोनं गेलेलं आहे.

प्रत्येक बाई आत्याच्या हातून तिळगूळ घेत होती. "तिळगूळ घ्या, गोड बोला," आत्या म्हणत होती. त्याही तिला तेच म्हणत होत्या. काही जणी तिच्या पायाही पडल्या. ओळीत मी होते. वहिनींनी मला हळदकुंकू लावलं आणि गालाला हात लावून म्हणाल्या, "राग गेला का?" मी आत्याच्या हातून तिळगूळ घेतला. माझ्यानंतर ओळीत कुणी नव्हतं. माझ्यानंतर आत्या होती.

वहिनींच्या बोटाला कुंकू होतं. ओलं, ताजं, एका कपाळाला पुरेल एवढं. त्यांनी मान वळवली, तर समोर आत्याचा चेहरा. मधे फक्त तबक. बोट वर उचललेलंच होतं. मी बघत होते. आत्याने डोळे किंचित मिटले, कुंकू लावून घेताना मिटतात तसे. ते तिने ठरवून केलं नव्हतं. सवय असते.

वहिनींनी टेबलावरचा टिश्यू ओढला आणि बोट पुसलं.

"चला, खाऊन घेऊ या सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "आत्या, तुम्ही पण हं. नक्की."

टिश्यू केराच्या डब्यात गेला. लाल डाग वर राहिला. त्या हॉलमध्ये शेवटचं कुंकू लागलं ते कागदाला.

आम्ही खाली आलो. आत्याने कोरड्या फडक्याने तबक पुसलं, फुलांवरून हलक्या हाताने, उललेल्या कडेजवळ बोटाच्या टोकाने. साडी बदलली नव्हती. मी देवघरातली कुंकवाची डबी घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. बोट बुडवलं. इतकी वर्षं भाषणं करून मला ही एक गोष्ट आधी सुचली नव्हती, आणि आता सुचली म्हणून मी स्वतःवर जरा खूशही होते.

आत्याने माझा हात धरला. "तुझ्याकडून नको."

"का?"

"तू घरची. घरातल्या घरात काय? तसं मी आरशासमोर स्वतःही लावून घेईन. मला कोण अडवतंय?"

"मग कुणाकडून हवं?"

ती फडकं झटकत होती. "जी माझं तबक न्यायला येते, तिच्याकडून," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. दुसरं काही नको मला."

मागच्या वर्षी, नारळ खवताना, मी तिला विचारलं होतं की तुला काय हवंय. त्याचं उत्तर हे.

आता मी तुमच्याशी बोलते आहे, वाचणाऱ्या बाईशी. तुमच्या हॉलमध्ये पुढच्या संक्रांतीला अशी एक बाई असेल. तिळगूळ तिने केला असेल, किंवा सतरंजी तिची असेल, किंवा ती कोपऱ्यात उभी राहून चहाच्या कपांकडे बघत असेल. ओळ संपेल तेव्हा तुमच्या बोटाला कुंकू उरलेलं असेल. ते पुसू नका. सगळ्यांसमोर तिला विचारा, "लावू का?" ती नको म्हणाली तर तो तिचा प्रश्न. हो म्हणाली तर तिथेच, त्याच बोटाने, लावा.